भाग्यश्रीचा नंबर कितवा?

फ्लेक्सवर 'सर्वकालीन' हा शब्द घालावा असं मुकुंदराव सांबाऱ्यांच्या मनात आलं, त्या क्षणी घरात कुणीतरी शिंकायला हवं होतं. कुणी शिंकलं नाही. उलट त्यांच्या बायकोने, सुचिताने, चहा पुढे ठेवला, तो नेमका फक्कड झाला होता, आणि फक्कड चहा पोटात गेला की माणसाला आपले विचारही फक्कडच वाटू लागतात. मुकुंदरावांनी मोबाइलवर मजकूर लिहिला : 'पांढुर्णा जिल्ह्याची सर्वकालीन सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू कु. भाग्यश्री हिचे हार्दिक स्वागत.' एकदा मोठ्याने वाचला, 'कु.'पुढचं टिंब जागेवर आहे ना एवढं पाहिलं, आणि फ्लेक्सवाल्याला पाठवून दिला. जाता जाता संघटनेच्या ग्रुपवरही टाकला. तिथे टाकायची काही गरज नव्हती, पण चांगलं वाक्य जमलं की ते चार जणांना दाखवावंसं वाटतं.

भाग्यश्री सौंसरची. वडील बोरगावच्या कारखान्यात कामाला. पोरगी उंच, मनगट असं की बॉल हातातून सुटताना आवाज होत नाही. भारताच्या महिला संघाच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती आणि शिबिराला जाण्याआधी ती गावी येणार होती. मुकुंदराव हे जिल्हा बास्केटबॉल संघटनेचे सचिव. ते पांढुर्ण्याच्या हायस्कुलात गणित शिकवत, आणि सचिव झाले होते ते निवडणुकीच्या सभेला वेळेवर पोचल्यामुळे. बाकी कुणी पोचलं नव्हतं. तेव्हा सत्कार करणं त्यांच्याकडेच आलं. हार, शाल, श्रीफळ, दोन शब्द, आणि एक फ्लेक्स. एवढंच काम.

ग्रुपवर पहिलं उत्तर शेजारच्या भूपेंद्रचं आलं. नुसतं एक प्रश्नचिन्ह.

भूपेंद्रचं घर भिंतीला भिंत लागून आणि चौकात हार्डवेअरचं दुकान. प्रश्नचिन्ह पाठवून त्याचं समाधान झालं नाही, म्हणून तो स्वतः आला आणि पायरीवर उभं राहून त्याने विचारलं, की सर, माझ्या योगेशभाऊचं काय? योगेशभाऊ म्हणजे त्याचा थोरला भाऊ, बास्केटबॉलच्या जोरावर भिलाईला नोकरीला लागलेला. भूपेंद्रच्या म्हणण्याप्रमाणे योगेशभाऊ बॉल घेऊन निघाले की समोरची टीम बाजूला होऊन पाहत राहायची. मुकुंदरावांनी नम्रपणे सांगितलं, की भारताच्या शिबिरासाठी आपल्या भागातून आजवर दुसऱ्या कुणाची निवड झाली नाही. भूपेंद्रने तितक्याच नम्रपणे सांगितलं, की योगेशभाऊला त्या साली टायफॉइड झाला होता. आता टायफॉइडला मार्क किती द्यायचे, याचं उत्तर गणिताच्या पुस्तकात नाही.

समोरच्या देवकाबाई अंगणात मेथी निवडत होत्या. त्यांनी न विचारता सल्ला दिला, की सगळ्यांचेच फोटो सारखे छापा, म्हणजे कुणी रुसणार नाही. फ्लेक्स केवढा होईल असं मुकुंदरावांनी विचारलं, तर म्हणाल्या, "मंडपच करून टाका न त्याचा."

हे इथपर्यंत ठीक होतं. खरं संकट स्वयंपाकघरातून आलं. सुचिताने फ्लेक्सचा मजकूर वाचला, मोबाइल उलटा करून ओट्यावर ठेवला आणि फक्त तीन शब्द बोलली.

"बाबांचं काय जी?"

मुकुंदरावांच्या पोटातला चहा तिथल्या तिथे थंड झाला. कारण सुचिताचे वडील, सौंसरचे बापूजी, हे आपल्या काळचे बास्केटबॉलपटू होते. साधेसुधे नव्हेत. जबलपूरच्या संघाविरुद्ध त्यांनी डोक्यावरून, रिंगकडे न पाहता टाकलेला बॉल सरळ आत गेला होता, ही गोष्ट सौंसरच्या संत्र्याच्या बागांमधून अजून सांगितली जाते. म्हणजे बापूजी सांगतात. मुकुंदरावांचं लग्न झालं तेव्हा तो बॉल त्यांनी मैदानाच्या मध्यावरून टाकला होता. दरवर्षी ते थोडेथोडे मागे सरकत गेले होते, आणि अलीकडे तर प्रेक्षकांत पोचले होते. सौंसरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारला नव्हता. देवघरातला देव कोणता, असं कुणी विचारतं का?

अमेरिकेत लोक जॉर्डन मोठा की लेब्रॉन मोठा यावर वर्षानुवर्षं भांडतात म्हणे. खुशाल भांडोत. त्यांच्या यादीत त्यांचा सासरा नसतो.

त्या दिवसापासून सुचिताने बोलणं बंद केलं. जे काय सांगायचं ते भांडी सांगू लागली. पातेलं आपटलं म्हणजे भाजी झाली, झाकण आपटलं म्हणजे जेवायला या, आणि काहीच आपटलं नाही तर आज तुमचं तुम्ही पाहा.

मुकुंदरावांनी ठरवलं, शब्द बदलू. फ्लेक्सवाल्याला फोन करून 'सर्वकालीन' काढायला सांगितलं. तो म्हणाला काढतो, पण मैदान सरकारी आहे, फ्लेक्सची परवानगी काढली का? परवानगीला तर पहिलाच मजकूर गेला होता. तेव्हा मुकुंदराव ऑफिसात गेले. कोणत्या, ते सोडून द्या. तिथे पंकज नावाचा बाबू बसत असे. लोधीखेड्याचा, बोलायला गोड, आणि कागद परत पाठवायला त्याहून गोड.

पंकजने मजकूर वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि अत्यंत आदराने शंका काढली, की सर्वकालीन म्हणजे आतापर्यंतचे की पुढचेही? आतापर्यंतचे असतील तर आधार जोडावा लागेल. पुढचेही असतील, तर ऑफिस पुढचं आज कसं मंजूर करील?

"तो शब्द मी काढूनच राहिलो," मुकुंदराव म्हणाले.

"काढा न सर. पण मग अर्ज नवीन लागन. मजकूर बदलला का अर्ज बदलते."

आणि मग, जणू चहाबरोबर बिस्किट द्यावं तसा, पंकजने आणखी एक मुद्दा पुढे केला. आपला जिल्हा होऊन दोन-चार वर्षंच झाली. त्याआधी सगळे छिंदवाड्यात. मग 'पांढुर्णा जिल्ह्याची सर्वकालीन' म्हटलं, तर ते जिल्हा झाल्यापासूनच धरायचं ना?

मुकुंदराव खुर्चीत ताठ झाले. इतकं सोपं उत्तर, आणि आपण गणिताचे मास्तर असून आपल्याला सुचलं नाही. जिल्हा झाल्यापासून भाग्यश्रीखेरीज होतंच कोण? बापूजी आणि योगेशभाऊ दोघेही छिंदवाडा जिल्ह्याचे खेळाडू ठरतात, आणि तिथे त्यांनी कितीही श्रेष्ठ असावं, पांढुर्ण्याला काय त्याचं? सर्वकालीन तसंच ठेवता येईल, कुणाचा अपमान नाही, नवा अर्ज नाही. त्यांनी उभं राहून पंकजचा हात हातात घेतला. पुढे या हातमिळवणीचा त्यांना फार पश्चात्ताप झाला.

बापूजींना हे समजावून सांगायला जागाही त्यांनी विचार करून निवडली. शनिवारी बापूजी जामसांवळीला हनुमानाच्या दर्शनाला जातात आणि तिथे ते आवाज चढवत नाहीत. मुकुंदरावांनी भल्या सकाळी स्कूटर काढली. दर्शन झालं, प्रसाद झाला, मंडपात बसून त्यांनी सगळा हिशोब सासऱ्यांपुढे मांडला. जिल्हा नवा, यादी नवी, तुम्ही जुन्या यादीत, आणि तिथे तुमचं नाव अढळ.

बापूजींनी उरलेला प्रसाद रुमालात बांधला. शांतपणे उठले, देवाला पुन्हा हात जोडले, चपला घातल्या, फाटकाबाहेर आले, आणि मग बोलले.

"मले छिंदवाड्यात टाकलं तुमी?"

जवळच्या नारळवाल्याने मान वर करून पाहिलं. बापूजींनी मग सांगितलं, की सगळी हयात ज्या छिंदवाड्याच्या टीमला हरवायसाठी आपण घाम गाळला, त्याच छिंदवाड्यात जावयाने आपल्याला नेऊन बसवलं. आणि हे पाहायला आता आपले वडील नाहीत, हे बरं झालं. ते तर नागपूर राजधानी होती त्या जुन्या राज्यात जन्मले होते, त्यांना तुम्ही कुठे टाकलं असतं, देव जाणे. त्यांनी जावयाच्या स्कूटरवर बसायला नकार दिला आणि अनोळखी माणसाच्या ट्रॅक्टरवर बसून सौंसरला गेले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या सौंसरला कळलं, की पांढुर्णेवाल्यांनी बापूजींना जिल्ह्याबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की पोरगी सौंसरची आहे, सत्कार सौंसरमध्येच होईल, पांढुर्णेवाल्यांनी आपला फ्लेक्स आपल्याच गळ्यात घालावा. पांढुर्ण्याकडूनही त्याला साजेसं उत्तर गेलं. या गावात नदीच्या दोन काठांनी एकमेकांना दगड मारायचा एक दिवस ठरलेला आहे. बाकीचं वर्ष शब्दांवर भागवावं लागतं, आणि लोक ते मन लावून भागवतात.

आता मुकुंदरावांची झोप उडाली. सत्काराला सत्कारमूर्तीच आली नाही तर शाल कुणाला घालायची? शिवाय भाग्यश्रीला त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं, आणि ती बिचारी "येतो सर" म्हणाली होती. आपल्या नावावरून दोन गावं भांडून राहिली, हे तिला कळलं तर तिला काय वाटेल, या विचाराने ते खरोखर कष्टी झाले. शेवटी त्यांनी दोन्ही बाजूंना आपल्या घरी बोलावलं. समिती नेमली. सौंसरकडून बापूजी, पांढुर्ण्याकडून भूपेंद्र, अध्यक्ष स्वतः. बापूजी आले ते मुलीच्या हातचे पोहे खायला, असं त्यांनी दारातच स्पष्ट केलं.

मुकुंदरावांनी तक्ता काढला होता. राज्याला खेळला तर इतके गुण, देशाला खेळला तर इतके, प्रमाणपत्राला इतके. गणितापुढे कुणाचं काही चालत नाही, अशी त्यांची समजूत होती. पोह्यांवर शेव पडायच्या आत ती संपली.

भूपेंद्र म्हणाला, मुलींचा बॉल लहान असते, तेव्हा भाग्यश्रीचे गुण अर्धे करा. बापूजी म्हणाले, आमच्या वेळेस बॉल दोरीने शिवलेला असे, टाकला उजवीकडे तर जाई डावीकडे, तेव्हा आमचे दुप्पट करा. भूपेंद्र म्हणाला, दोरी मान्य, पण तुमचा खांब काळ्या मातीत होता, दरसाल तो ढेंगभर खाली जाई, शेवटी शेवटी तर तुम्ही रिंगमध्ये बॉल वरून ठेवत असाल. बापूजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. स्वयंपाकघरात एक झाकण पडलं. मग ते म्हणाले, खांब खाली जात होता हे खरं, पण तो दोन्हीकडचा जात होता, आणि टायफॉइड झालेल्या माणसाच्या भावाने त्या वर्षीची बढाई मारू नये.

मुकुंदरावांनी हात जोडले आणि सगळ्यांच्या सूचना धरून, बॉल, दोरी, खांब, ताप, सगळं हिशोबात घेऊन बेरीज केली. पहिला नंबर आला ऑफिसातल्या पंकजचा.

झालं असं, की पंकज कर्मचाऱ्यांच्या स्पर्धांना दरसाल राखीव खेळाडू म्हणून जात असे. भोपाळ, जयपूर, कुठे कुठे. मैदानात कधी उतरला नाही, पण प्रमाणपत्रं मात्र त्याने सगळी घेतली होती, आणि सगळ्यांची साक्षांकित प्रत संघटनेला दिली होती. तक्त्यात ती नियमाप्रमाणे धरली गेली. दुसरी भाग्यश्री. बापूजी आणि योगेशभाऊ सारख्या गुणांवर तिसरे.

भूपेंद्र बोटाने तक्ता वाचत खाली आला आणि तळाशी थांबला.

"हे सांबारे कोण?"

तिथे मुकुंदरावांनी स्वतःचं नाव घातलं होतं. का घालू नये? ते कॉलेजात खेळले होते, पुढे तालुक्याच्या संघातून खेळले होते, एकदा कर्णधारही झाले होते. त्यांनी घसा साफ केला आणि पूर्णतेसाठी म्हणून घातलं, असं सांगितलं. भूपेंद्र आणि बापूजींनी एकमेकांकडे पाहिलं. त्या सकाळी त्यांनी एकमेकांकडे पाहिलं ते पहिल्यांदाच. मग भूपेंद्रने खिशातलं पेन काढून ते नाव हळुवार हाताने खोडलं, जणू शेजाऱ्याच्या शर्टावरचा किडा झटकावा, आणि बापूजी म्हणाले, "हं. पुढे बोला."

पुढे फार काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं. पंकजला पहिला नंबर द्यायला दोन्ही गावांचा विरोध होता, आणि निदान या एका विरोधावर समेट झाला. ठरलं ते असं : सत्कार पांढुर्ण्यातच, पण सौंसरच्या पाहुण्यांना पुढच्या खुर्च्या. फ्लेक्सवर 'सर्वकालीन' नको. 'सर्वश्रेष्ठ'ही नको. मुकुंदरावांनी 'श्रेष्ठ' सुचवलं, तर कुणापेक्षा, असा प्रश्न आला. 'नामवंत' म्हटलं तर बाकीचे काय अनाम? 'जिल्ह्याची बास्केटबॉलपटू' म्हटलं तर एकुलती एक असल्यासारखं वाटत होतं. तेव्हा बापूजींच्या सूचनेवरून एक शब्द वाढवला. नवा अर्ज गेला. पंकजने तो एका दमात मंजूर केला. त्यात आक्षेप घेण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी मैदानावर फ्लेक्स लागला : 'पांढुर्णा जिल्ह्यातील एक बास्केटबॉलपटू कु. भाग्यश्री हिचे स्वागत.' 'हार्दिक' जागेअभावी गेलं होतं.

भाग्यश्री आली, फ्लेक्सकडे पाहून थबकली, पुन्हा वाचला, आणि ओठ घट्ट मिटून स्टेजवर चढली. मुकुंदरावांना वाटलं जमीन फाटावी. त्यांनी सूत्रसंचालन स्वतःकडे ठेवलं होतं आणि मनाशी पक्कं केलं होतं, की आज नंबर हा शब्द कुणाच्या तोंडून निघू द्यायचा नाही. शाल झाली, श्रीफळ झालं. मैदान भरलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर बापूजी, त्यांच्या मागे सौंसर, डावीकडे पांढुर्णा, बायकांच्या रांगेत देवकाबाईंशेजारी सुचिता, अजून अबोल. सगळं निभावलं असं वाटत असतानाच भूपेंद्र आभाराचे दोन शब्द बोलतो म्हणून वर आला, आणि माईक हातात घेऊन त्याने सरळ सत्कारमूर्तीला विचारलं, की बेटा, तूच सांग, आपल्या भागात आजपर्यंतचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण?

बापूजी खुर्चीत पुढे सरकले आणि कानामागे हात धरला. मुकुंदराव माईक परत घ्यायला निघाले, पण मधेच त्यांचा पाय वायरीत अडकला.

भाग्यश्री उठली. "बापूजींचा खेळ मी पाहिला नाही," ती म्हणाली, "योगेशकाकांचाही नाही. माझ्या जन्माच्या आधीचं हाय ते. नंबर कसा सांगू? मी तं लहानपणी एकच मॅच पाहिली. बाबा मले सौंसरहून घेऊन आले होते, याच ग्राउंडवर. त्याच मॅचमुळं मी खेळायले लागली."

ती मुकुंदरावांकडे वळली. त्या वर्षी पांढुर्णा-सौंसर सामन्यात कर्णधार तेच होते. त्यांनी नकळत सदऱ्याची कॉलर सारखी केली.

"सरांच्या समोर कोणीच नव्हतं," भाग्यश्री मोकळेपणाने सांगू लागली. "एकटे होते, रिंगखाली. बॉल टाकला, गेला नाही. पुन्हा हातात आला, पुन्हा टाकला, पुन्हा गेला नाही. सगळं ग्राउंड हसून राहिलं होतं. अन् सर पुन्हा तिथंच उभे, बॉल मागून राहिले. मी बाबाले म्हटलं, याहीले जर खेळू देतात तं मलेही देतीन. मी घाबरणार नाही आता."

मग बापूजी उभे राहिले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "ती मॅच मी पाहिली होती. असा खेळ मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

भूपेंद्रने लगेच दुजोरा दिला आणि आणखी एका मॅचची आठवण सांगितली, जिच्यात सरांनी बॉल रिंगवरून पलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर टाकला होता. सौंसरकडून कुणी त्यात भर घातली. पांढुर्ण्याकडून त्याच्यावर वरचढ भर पडली. आठ दिवस एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं आता एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होती. कुणाचा नंबर वरून कितवा, यावर या दोन गावांचं एकमत पुढेही होणार नव्हतं; पण खालून पहिला कोण, याला कुणाचीच हरकत नव्हती. टाळ्या पडल्या, आणि मैदानाच्या दोन्ही बाजूंनी एकदमच पडल्या. पंकजसुद्धा उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मुकुंदरावांनी वायर सोडवली, माईक हातात घेतला आणि मास्तराला शोभेल अशा शांत आवाजात सांगितलं, की रेकॉर्डसाठी म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्यातला दुसरा शॉट हुकला कारण त्यांच्या हातावर मार बसला होता. तो फाऊल होता. पंचांनी तसा दिलाही होता.

लोक भाग्यश्रीकडे पाहू लागले. ती मनापासून आठवत होती.

"हाव, फाऊल होता," ती म्हणाली. "सर खरं सांगून राहिले. दोन फ्री थ्रो भेटले होते त्याहीले."

मुकुंदरावांनी समाधानाने मान हलवली.

"तेही हुकले," भाग्यश्री म्हणाली.

बायकांच्या रांगेत सुचिताने देवकाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि तिची पाठ हलत होती. रडते आहे की काय, असं मुकुंदरावांना आधी वाटलं. तसं काही नव्हतं.

परतताना ती स्कूटरवर मागे बसली. चौक गेला, भूपेंद्रचं दुकान गेलं, आणि घराच्या वळणावर इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"दोन्हीच्या दोन्ही जी?"

"दोन्ही," मुकुंदराव म्हणाले, आणि त्यांनी गिअर बदलला.